तांबड्या टिपक्याची ट्यूब

लोक नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात. मी जुन्या ट्यूबलाइट जमवतो. हे पाहुण्यांना सांगताना माझी बहीण ऋता आवाज असा खाली आणते, की घरात कुणाला व्यसन आहे असं वाटावं. घाटकोपरच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली त्या जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेल्या असतात. टोपी पितळेची की ॲल्युमिनियमची, काचेवरची छाप कुठल्या बाजूला, आतली पावडर शुभ्र की किंचित गुलाबी, एवढ्यावरून मी ट्यूब कुठल्या काळातली ते सांगतो. शिवाय ट्यूब म्हातारी होते ती टोकांकडून. आधी टोकं करडी पडतात, मग काळी, आणि काळेपणा हळूहळू मधल्या उजेडाकडे सरकतो. अंधेरीच्या एका ऑफिसात मी विजेची देखभाल बघतो. भुताखेतांशी माझा काही संबंध नाही.

मुलुंडची आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही इथे आलो. आईचं विसरणं आधीच सुरू झालं होतं. इथे आल्यावर मात्र रोज तिन्हीसांजेला ती भिंतीवरच्या बटणापाशी जाऊन उभी राहायला लागली. "दिवे लावा की हो," म्हणायची. डोक्यावर एलईडी लख्ख पेटलेला असायचा. आमच्याकडे संध्याकाळी ट्यूबचं बटण दाबलं की ती लुकलुकून नीट पेटेपर्यंत थांबायचं, तिला हात जोडायचे आणि मग चहा. एलईडी मेला लुकलुकतच नाही. आईच्या लेखी दिवे लागलेलेच नसायचे, त्यामुळे ती बसायची नाही, जेवायची नाही, आम्हाला ओळखायचीही नाही. एकदा तिने मला विचारलं, "तुम्ही वायरमन का?" उत्तर जवळपास होच होतं, पण मला रडू आलं.

मग मी पट्टी, चोक, स्टार्टर असा जुना सरंजाम हॉलमध्ये बसवला आणि माझ्याकडची एक ट्यूब लावली. आईने वर पाहिलं.

"ही दवाखान्यातली आहे."

मालाडच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यातूनच मी ती आणली होती.

"तू सांगितलंस तिला?" मी ऋताला विचारलं.

"मला काय माहीत तुझ्या ट्यूबा कुठल्या ते? मला सगळ्या सारख्याच दिसतात, यार."

दुसऱ्या दिवशी दुसरी लावली. "ही शाळेतली," आई म्हणाली. "एक मुलगी फार रडायची हिच्याखाली." ट्यूब बोरिवलीच्या एका शाळेतली होती. मुलीचं मला काही ठाऊक नव्हतं.

"आपली लावा की," आई म्हणाली.

ठरलं. आपली आणायची.

आपली म्हणजे बाबांनी लावलेली. सोसायटीत ट्यूबा चोरीला जायच्या, म्हणून भांड्यांवर नाव घालावं तसा बाबांनी तिच्या पितळी टोपीवर तांबड्या ऑइलपेंटचा टिपका दिला होता. शिवाय एका जागी आतली पावडर उडून शेंगदाण्याएवढा डाग पडला होता. ती माझ्या चेंडूची कृपा. घर खाली करताना ती पट्टीसकट तिथेच राहिली आणि पाडकाम करणाऱ्यांनी सगळं भंगारात घातलं. मी सुट्टीचे दिवस कुर्ल्याच्या भंगार गोदामांत घालवायला लागलो. ऋता वेड्यात काढायची, पण डबा भरून द्यायची. शेवटी गुणाजी नावाच्या गोदामवाल्याने ढिगातून एक ट्यूब ओढून काढली. तांबडा टिपका होता. शेंगदाणाही होता.

"पण ही गेलेली आहे, साहेब," तो म्हणाला. "काय करणार नेऊन?"

घरी मीटर लावून पाहिलं. दोन्ही टोकांच्या तारा तुटलेल्या. चोक-स्टार्टरवर अशी ट्यूब पेटत नाही, विजेला जायला वाटच नसते. तरी पट्टीत चढवली. निदान आईच्या नजरेला तरी पडेल.

तिन्हीसांजेला आईने बटण दाबलं. काही झालं नाही. मग तिने हात जोडले.

ट्यूब लुकलुकली आणि पेटली.

"आली," आई म्हणाली आणि खुर्चीत बसली. "मुकुल, किती वाळलास रे! ऋता, चहा टाक गं."

ऋता स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

नंतर मी स्टार्टर काढून पाहिला. मग पट्टीच्या वायरी सोडवून ठेवल्या. तरी आईने हात जोडले की ट्यूब पेटायची, आणि ती पेटलेली असेपर्यंत आई आमची असायची. खोबऱ्याच्या वड्या कशा बिघडल्या ते सांगायची, बाबांची नक्कल करायची. मी शिडी माळ्यावर ठेवून दिली. आई मिळत असताना कारण शोधत बसण्याइतका मी मूर्ख नाही.

मग ट्यूबची टोकं काळी पडायला लागली. वीज नसलेली ट्यूब झिजत नाही. ही झिजत होती.

एका रविवारी आईची नखं कापत होतो. पायाची बोटं टोकांशी करडी दिसली. हाताचीही.

"कुठे लागलं, आई?"

"नाही रे. गार पडतात जरा."

डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नाही. करडेपणा मात्र पेरांकडे सरकत राहिला.

मी ट्यूब उतरवली.

बोटं सुधारली. आई पुन्हा बटणापाशी उभी राहायला लागली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं काय काम आहे?"

"बोटं बरी झाली, मुकुल," ऋता म्हणाली. "पण आई कुठाय?"

दोन्ही मला हवं होतं. आमच्या घरात हट्टी मीच.

ट्यूब पुन्हा चढवली. "आईचे हात धरून ठेव," मी ऋताला सांगितलं. "जोडू देऊ नकोस."

"तू काय करणारेस?"

मी ट्यूबखाली उभा राहिलो आणि हात जोडले.

ती लुकलुकली.

"आली," आई म्हणाली. "मुकुल, आज तू जोडलेस का हात? शहाणा झालास हो."

आता रोज मीच जोडतो. आईची बोटं छान गुलाबी झाली आहेत. काल ती मला रागावली, "ऑफिसात कशात हात घालतोस रे? बोटं बघ. जा, धुऊन ये."

मी धुऊन आलो आणि चहाला बसलो. कप हातात घेतला. चहा गरम आहे का, ते मला ऋताला विचारावं लागलं.