शमनजाल आणि पाच तुणतुणी

ताम्हण वसाहतीच्या तिसऱ्या बोगद्यात, हवेच्या मोठ्या पंपाला लागून असलेल्या खोलीत, यासीन शिकलगार यांनी तुणतुणं काखेत धरलं, तार छेडली आणि समोर बसलेल्या पाच मुलांकडे पाहिलं. तार सुरेख बोलली होती. मुलांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच उमटलं नाही.

“आलं का ऐकू?”

“टक् असं आलं,” कुहू म्हणाली. “मग काही नाही.”

कुहू नऊ वर्षांची, चंद्रावरच जन्मलेली. समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं तिला जमत नसे.

यासीनना राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना म्हणून आणखी आला. दोन वर्षांपासून ते या मुलांना गाणं आणि डब्यांवरचा ताल शिकवत होते; तुणतुण्यांचं हे मात्र गेले दोन महिने चाललं होतं. भाजीच्या रिकाम्या डब्याचं बूड कापायचं, तिथे जुन्या अंतराळपोशाखाचं अस्तर ताणून बसवायचं, त्याच्या मधोमध तार ओवायची आणि डब्याला लावलेल्या दांडीवरच्या खुंटीला गुंडाळायची. मुलांनी हाताला चिरा पाडून घेत पाच तुणतुणी बनवली होती. पहिले चार-पाच दिवस प्रत्येक तुणतुणं खणखणीत वाजे. मग एके दिवशी मुकं होई. यासीन ते खोलत, अस्तर ताणत, तार पुन्हा सुरात आणत. तरी मुकंच. त्यांच्या आजोबांनी मिरजेत जन्मभर तंबोरे घडवले होते. नातवाला डब्याचं तुणतुणं वाजतं करता येऊ नये, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

त्यात व्यवस्थापक इंदुमती रेगे यांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. शनिवारच्या वसाहतसभेत मुलांनी वाजवून दाखवायचं. ऐकू आलं तर ठीक, नाहीतर खोली बियाण्यांच्या साठ्याला. “ऐकू न येणाऱ्या वाद्यांना खोली कशाला हवी?” असं त्यांनी विचारलं होतं. या प्रश्नात चूक काढता येत नव्हती, म्हणून तो यासीनना जास्तच झोंबला.

गुरुवारी त्यांनी ध्वनिअभियंता वसुधा कोरगावकर यांना खोलीत ओढून आणलं.

“वसुधाताई, वाद्यात खोट नाही. मला स्वच्छ ऐकू येतंय. पोरांना का येत नाही, तेवढं सांगा.”

वसुधाने तुणतुणं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि भिंतीवरच्या बारीक छिद्रांच्या जाळीकडे बोट दाखवलं.

“हे आमचं शमनजाल. भिंतीपलीकडे पंप धडधडतोय, पण तुम्हाला ऐकू येत नाही. कारण आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या बरोबर उलटी लाट ही जाळी सोडते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो, दोन्ही मिटतात. जाल बसवण्याआधी इथे माणसं महिना महिना झोपत नव्हती.”

“पंप गप्प करा की. माझं तुणतुणं का?”

“पंप कुठला आणि तुणतुणं कुठलं, हे जालाला कळत नाही. ते एवढंच बघतं की एखादा आवाज पुन्हापुन्हा अगदी सारखाच येतोय का. शेकडो वेळा तसाच आला, की ते यंत्राचा आवाज म्हणून शिकून घेतं. पुढे त्याची नुसती सुरुवात झाली की बाकीचा मिटवून टाकतं. म्हणून टक् तेवढं ऐकू येतं.”

“मग आपलं बोलणं कसं वाचतं?”

“बोलण्याला सूट द्यावीच लागली नाही. माणूस एकच वाक्य दोनदा तंतोतंत सारखं बोलत नाही. पट्टी सरकते, लय बदलते.” वसुधाने तुणतुणं परत केलं. “आणि तुम्ही हे काखेत धरता. त्याचा आवाज तुमच्या बरगड्यांतून, हाडांतून आत कानापर्यंत जातो. त्या वाटेवर जाल नाही. म्हणून तुम्हाला ऐकू येतं, मुलांना नाही.”

“या वाद्यांना सूट द्या ना मग.”

“सूट द्यायच्या आवाजांची यादी पृथ्वीवर मंजूर होते. दवाखान्याच्या घंटेसाठी मी अर्ज पाठवला, त्याला सात महिने झाले. परवा उत्तर आलं, अर्जाचा नमुना जुना आहे म्हणून.”

 यावर यासीनना बोलायचं होतं ते मुलांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

“एक उपाय आहे,” वसुधा म्हणाली. “तुम्हीच रोज सगळी तुणतुणी एका सुरात आणून ठेवता. ते सोडा. ढिली राहू द्या. रोज निराळी वाजली तर जाल काय शिकणार?”

“म्हणजे बेसूर वाजवू?”

“शनिवारपुरतं.”

वसुधा गेली. कुहूने लगेच आपली खुंटी पिळली, तार सैल केली आणि छेडली. एखादी म्हैस खाकरावी तसा आवाज आला. पण आला. पाचही मुलं खिदळली आणि आपापल्या खुंट्या पिळू लागली. यासीननी दातावर दात दाबून दोन मिनिटं सहन केलं, मग त्यांचा हात आपोआप वर गेला. सूर जरा ढळला की गेली दोन वर्षं त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघे, दिवसाकाठी शंभरदा, काळी एक पट्टीत, ना एक अक्षर इकडे ना तिकडे.

“आधी सूर सांभाळा, मग हात चालवा.”

मुलं त्यांच्याकडे बघत राहिली आणि पुन्हा खुंट्या पिळू लागली. पोरं अलीकडे फारच बेपर्वा झाली आहेत, असं यासीनना वाटलं.

शनिवारी सभागृहात दोनशे माणसं जमली. तिथल्या भिंतींवरही त्याच शमनजालाची जाळी होती. मुलं रांगेत उभी होती. सकाळी यासीननी “फक्त एकदा बघतो” म्हणत चौघांची तुणतुणी घेतली होती आणि, व्हायचं तेच झालं, सुरात आणून दिली होती. आपण चुकतोय हे त्यांना कळत होतं. बोटं ऐकत नव्हती. कुहूने तेवढं आपलं तुणतुणं पाठीमागे लपवलं होतं.

यासीननी हात उचलला. सुरुवातीचा इशाराही त्यांचा तोच असे.

“आधी सूर सांभाळा, मग हात चालवा.”

कुणीही वाजवायला सुरुवात केली नाही. ते पुन्हा म्हणाले. मुलं टकमक बघत होती. रेगेबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. यासीन तिसऱ्यांदा म्हणाले, त्याच पट्टीत, कारण रागातही त्यांची पट्टी सुटत नसे. स्वतःचा शब्द न् शब्द त्यांना स्वच्छ ऐकू येत होता. दोन महिन्यांची मेहनत ही पोरं हट्टापायी मातीत घालत होती.

“बहिरी झालात का सगळी?” ते ओरडले.

सभागृह दचकलं.

“हे ऐकू आलं,” कुहू म्हणाली. “आधीचं नाही.”

“आधीचं म्हणजे?”

“तुम्ही नुसता ‘आ’ करता सर, आणि मग तुमचे ओठ हलतात. खूप महिने झाले. आम्हाला वाटायचं, तुम्हाला जांभई येते.”

मागे कुणीतरी हसलं. यासीननी वसुधाकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत उभी राहिली होती आणि स्वतःच्या जबड्याच्या हाडावर बोट ठेवून त्यांच्याकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. माणूस एकच वाक्य दोनदा सारखं बोलत नाही, हे सांगताना तिने यासीन शिकलगारांना हिशेबात धरलं नव्हतं.

त्यांना भर सभेत लाज वाटली. आणि मग भीती वाटली. आणखी काय काय गेलं असेल?

“कुहू,” त्यांनी हळूच विचारलं, “आणि...” मग नेहमीच्या पट्टीत आपलं दुसरं रोजचं वाक्य, “‘चुकलं, पुन्हा’?”

“आणि काय?” कुहू म्हणाली.

म्हणजे तेही गेलं होतं. दोन वर्षं ते शिकवत होते आणि मुलं एका जांभया देणाऱ्या माणसासमोर बसून आपलं आपणच गात-वाजवत होती. यासीन चौघा मुलांपाशी गेले आणि आपल्या हाताने एकेकाची खुंटी सैल केली. चारही तारा लोंबल्या. मग काय म्हणावं ते सुचेना, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

मुलांनी वाजवलं. पाच तुणतुणी पाच वाटांनी गेली. ताल होता, सूर नव्हता, आणि प्रत्येक आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येत होता. रेगेबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मग हात काढून, त्रासलेल्या चेहऱ्याने, त्या म्हणाल्या, “ऐकू येतंय. खोली राहू द्या.”

यासीनचं अंग शहारत होतं. एकही तार जागेवर नव्हती. सवयीने त्यांचं तोंड उघडलं आणि त्यांनी ते मिटलं. जालाने अजून न खाल्लेला एखादा शब्द आपल्याकडे शिल्लक आहे का, हे ते शोधत राहिले. दोन वर्षांत एकदाही न वापरलेला एक शब्द सापडला.

“शाब्बास,” ते म्हणाले.

तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मुलं वाजवायची थांबली आणि एकमेकांकडे बघू लागली. कुहूने तुणतुणं खाली केलं.

“सर, हे दर वेळी निराळ्या आवाजात म्हणत जा हं,” ती म्हणाली. “नाहीतर हेही जाईल.”