खाट सात

इस्पितळाच्या जंतू तपासायच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणायचे. ताईचा एकच हट्ट होता: रुग्णाचा नंबर जंतू वाढवायच्या प्लेटच्या बुडावर लिहायचा, झाकणावर नाही. झाकणं बदलतात, मग एकाचे जंतू दुसऱ्याच्या माथी! वीस वर्षांत तिची एकही प्लेट चुकली नव्हती. "ताई चुकल्या तर मी मिशा उतरवीन," असं डॉक्टर म्हणायचे.

त्या दिवशी ताई चुकली. नमुना तिच्या धाकट्या भावाचा होता. ऑपरेशनची जखम चिघळली होती, ताप उतरायचं नाव घेत नव्हता, तीन औषधं वाया गेली होती. पोरगा हातचा जातो की काय, ही एकच धास्ती ताईच्या डोक्यात होती. तिने पू प्लेटवर रेघारेघांनी पसरला आणि बुडावर त्याच्या खाटेचा नंबर लिहिला, 'खाट सात'. शेजारी रोजची कोरी प्लेट होती. तिच्यावर काहीच पसरायचं नसतं. ती कोरी राहिली म्हणजे प्लेटा शुद्ध. तिच्या बुडावर ताई शून्य काढायची. त्या दिवशी तिथेही 'खाट सात' लिहिलं गेलं.

सकाळी पुवाच्या रेघांवर काहीही उगवलं नव्हतं. कोरी प्लेट मात्र सोनेरी ठिपक्यांनी गच्च भरली होती.

ताईने डोळे चोळले. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे गोल दाणे दिसले, द्राक्षांसारखे घडाघडांनी. जखमा पिकवणारा नेहमीचाच जंतू. तिने त्याच्यावर औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवून पाहिल्या, तर दुसऱ्या दिवशी तो प्रत्येक चकतीला खेटून वाढलेला. एकही औषध त्याला मारत नव्हतं. आणि भावाचा ताप तर केव्हाच उतरला होता!

"शेवटचं औषध लागू पडलं बघा," डॉक्टर म्हणाले. ताईने नुसती मान डोलावली. आपली चूक सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

दुपारी तिने ती ठिपक्यांची प्लेट फ्रिजमध्ये ठेवली. दहा मिनिटांत भावजयीचा वॉर्डातून फोन.

"ताई, हे थंडीने कुडकुडताहेत हो. ओठ निळे पडलेत."

ताईने फ्रिजकडे पाहिलं. प्लेट काढून उबेच्या पेटीत ठेवली.

"थांबलं," भावजय म्हणाली. "बोलता बोलताच थांबलं."

योगायोग असेल, म्हणून ताईने दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. दोनच मिनिटं. फोन वाजला. त्यानंतर तिने तो खेळ केला नाही.

प्लेट वाळू द्यायची नव्हती. दर सोमवारी ताई ते ठिपके ताज्या प्लेटवर घ्यायची, बुडावर 'खाट सात' लिहायची आणि पेटीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवायची. जुनी प्लेट जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात टाकायची ती नवी नीट उगवल्यावरच; मग भावाला काही होत नसे. सुट्टी घेणं तिने सोडूनच दिलं. भाऊ खडखडीत बरा होऊन कामाला लागला होता. "त्या जंतूंशी लग्न लावलंयस का गं?" असं तो चिडवायचा.

वर्षभराने, कडाक्याच्या थंडीत, त्याने तिला ओढूनच घरी जेवायला नेलं. पानं वाढली होती. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या सफाईच्या मावशींचा फोन आला.

"ताई, उद्या तपासणीवाले येणार ना, म्हणून सगळं लख्ख केलं. पेटीतली एक प्लेट पण वाफेच्या यंत्रात टाकली. झाकणावर नंबरच नव्हता."

"बंद करा ते! आत्ताच्या आत्ता!"

"आता कसं उघडणार? दाब धरलाय. काटा चढतोय."

ताईने मान वळवली.

खिडक्या बंद होत्या. भावजय शाल गुंडाळून बसली होती. भाऊ शर्टाचं वरचं बटण काढत होता.

"एकदम उकडायला लागलं गं," तो हसून म्हणाला.

त्याच्या चष्म्याच्या काचा आतल्या बाजूने वाफेने धुरकट होत चालल्या होत्या.