नाव टाइप करा

जुना कॉम्प्युटर हळू का चालतो, असं लोक मला फार रागाने विचारतात. जणू मीच त्याच्या पायात खोडा घातलाय! अहो, तुम्हीच घातलाय. प्रिंटर घेतला, त्याचा एक प्रोग्राम आला. गप्पांचा एक, हवामानाचा एक, भाचीने टाकलेला गाण्यांचा एक. बटण दाबलं की सगळे एकदम उठतात आणि लग्नघरात सकाळी न्हाणीघरापुढे रांग लागते तशी गर्दी करतात. मग बिचारा कॉम्प्युटर घुरघुरत बसतो.

वीस वर्षं मी इलोइलो शहरात हेच काम करतोय. ही उठणारी मंडळी चारच ठिकाणी लपतात आणि चारही जागा मला तोंडपाठ आहेत. मी काढलेला प्रोग्राम परत उठला, असं कधी झालं नव्हतं. या मार्चपर्यंत तरी.

त्या मंगळवारी दुपारी मी बेनिंग सरांकडे बसलो होतो. सर शवपेटीत होते, अंगात पांढरा शर्ट. सतराव्या वर्षी मी त्यांच्याकडे टायपिंग शिकलो, आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत काय असतं तेही त्यांनीच दाखवलं. माझ्या पोटाची भाकरी त्यांची आहे. शेवटची तीन वर्षं ते अंथरुणाला खिळले होते. दर रविवारी म्हणायचो, पुढच्या रविवारी जाऊ. एकदाही गेलो नाही. सांगतानाही लाज वाटते.

तेवढ्यात नांग ऑरीचा फोन आला. ऑरेलिया तिचं नाव, नांग म्हणजे आमच्याकडे ताई, आणि ती मला म्हणते नोय, म्हणजे पोरा. चौसष्ट वर्षांची, मोलो भागात एकटी राहते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आता घरी बसून पडद्यावरून जपानी मुलांना इंग्रजी शिकवते.

"नोय, अजून सुरू होत नाहीये रे. चारला माझा तास आहे. मागच्या आठवड्यात एकदा उशीर झाला. कंपनीचा नियम आहे, महिन्यात तीन उशीर झाले की नाव कापतात."

"कापू दे नांग. आता आराम करा."

"आराम तू कर, गाढवा! माझी हारुना आहे ना, नऊ वर्षांची, ती शाळेत एक शब्द बोलत नाही. कोणाशीच नाही. माझ्याशी बोलते. मी गेले की तिला दुसरी बाई देतील, आणि पोरगी पुन्हा तोंड मिटून बसेल. येतोस की नाही?"

गेलो. थेट गेलो, तीच माझी चूक.

आमच्याकडे मयताच्या घरून थेट कुणाच्या घरी जात नाहीत. आधी वाटेत कुठेतरी टेकायचं, चार परक्या माणसांत, काहीतरी खायचं. मागे काही आलं असेल तर ते तिथेच रेंगाळतं, तुमच्याबरोबर उंबरठा ओलांडत नाही. मी हे मानत नाही, पण पाळतो. न पाळून बायकोची बडबड कोण ऐकेल? त्या दिवशी मात्र साडेतीन वाजत आले होते.

नांग ऑरीने दारातच माझा काळा शर्ट पाहिला. "मयताहून आलास? वाटेत थांबलास ना कुठे?"

"थांबलो की. बातचोयचं गरम सूप प्यायलो वाटीभर."

"मग तोंडाला लसणाचा वास कुठे आहे?"

"तुम्ही नाक तपासून घ्या आधी," मी म्हणालो आणि आत शिरलो.

अकरा प्रोग्राम निघाले. अकराही काढले. कॉम्प्युटर मिनिटाच्या आत सुरू झाला, तास वेळेवर झाला. साखरेत घोळलेली तळलेली केळी खाऊन मी घरी गेलो.

गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"नोय, ते टायपिंगचं तू टाकलंस का? कालपासून येतंय. काल एक ओळ टाइप करून घेतली आणि गेलं. आज दहा ओळी. सहा मिनिटं उशीर झाला रे. दुसरा उशीर."

"मी कशाला टायपिंगचं टाकू?"

"मग कोणी टाकलं? मी तर चष्मा शोधायलाही शेजारणीला हाक मारते."

शुक्रवारी दुपारी एक वाजता मी तिच्याकडे होतो. बटण दाबलं. पडदा काळा झाला, आणि डाव्या कोपऱ्यात हिरवी अक्षरं उमटली.

नाव टाइप करा. चूक नको.

माझी पाठ आपोआप ताठ झाली. हा प्रोग्राम बेनिंग सरांनी स्वतः लिहिलेला. त्यांच्या टायपिंग स्कूलमध्ये प्रत्येक कॉम्प्युटर असाच सुरू व्हायचा, तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी असलेला माझासुद्धा. आधी नाव, मग धडा, मगच बाकी सगळं. नाव टाइप केलं की हजेरी लागायची. एकूण चाळीस धडे होते. स्कूल बंद होऊन नऊ वर्षं झाली, आणि ते सगळे कॉम्प्युटर भंगारात देणारा मीच होतो. हा प्रोग्राम जगात कुठेच उरलेला नव्हता.

"कुठल्या तरी जुन्या डिस्कवरून आला असेल," मी म्हणालो. खोटं बोलायची सवयच लागली होती.

चारही जागा तपासल्या. कुठेच काही नव्हतं. यादीत त्याचं नाव नाही, फाइल नाही, खूण नाही. बंद करून पुन्हा चालू केला. हिरवी अक्षरं.

पिशवीत एक कोरी हार्ड डिस्क होती. जुनी काढून ती बसवली. कोऱ्या डिस्कवर कॉम्प्युटरला काही सापडत नाही, तो तसं सांगतो आणि थांबतो. हा थांबला नाही. हिरवी अक्षरं आली.

मग मी तीही काढली. आता कॉम्प्युटरच्या त्या डब्यात काहीही साठवायला जागा नव्हती. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, शेजारी कोणीतरी भांडी घासत होतं. मी बटण दाबलं.

धडा तिसरा. ऑरेलिया, काल परवापेक्षा बरं होतं. करंगळी अजून आळशी आहे.

नांग ऑरी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने आपली करंगळी डोळ्यांसमोर धरली.

"खरंच आळशी आहे रे," ती हळूच म्हणाली. "पण याला कसं कळलं?"

मी उठलो, पुन्हा बसलो, आणि एकदाचं सांगून टाकलं. "नांग, मी वाटेत थांबलो नव्हतो. सरांच्या पेटीपासून उठलो तो थेट तुमच्या दारात. माझं थांबायचं ठिकाण तुमचं घर झालं."

तिने हातातलं फडकं माझ्या डोक्यात मारलं. मग आणखी एकदा मारलं. "मेल्या! माझ्या घरात माणूस आणून सोडलास, आणि वर नाक तपास म्हणालास?"

"चुकलो."

"चुकलास तर निस्तर. चारला माझा तास आहे." ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली, आणि तिचा आवाज उतरला. "वाईट नाही रे तो. बोलतो गोड. पण माझी हारुना वाट बघेल."

निस्तरायचा एकच मार्ग आम्हा दोघांना ठाऊक होता. जे मंगळवारी राहिलं ते आता करायचं. मी जुनी डिस्क परत बसवली, वायरी काढल्या आणि डबा तिच्या टेबलावरच्या फुलाफुलांच्या कापडात गुंडाळला. तो मांडीवर घेऊन आम्ही जीपनी बसने ला पाझच्या बाजारात गेलो. दोन वाजता तिथे पाय ठेवायला जागा नसते, आम्हाला तेच हवं होतं. बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला नांग, आणि मध्ये तो.

"तीन वाट्या बातचोय," नांग म्हणाली.

वाढणारी बाई गाठोड्याकडे बघून हसली. "हे पण खाणार?"

"त्यांना चिचारॉन जास्त घाल," मी म्हणालो. सरांना डुकराच्या त्या कुरकुरीत कातडीचं भारी वेड. बाईला वाटलं, मी थट्टा करतोय.

वाट्या आल्या. तिसरी आम्ही गाठोड्यापुढे सरकवली. वाफ वर जात होती. मी चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"सर," मी म्हणालो. आजूबाजूला माणसं होती, पण बाजारात कोण कोणाचं ऐकतं? "मी आलो नाही. यायला हवं होतं. दर रविवारी मी घरीच होतो सर, काही काम नव्हतं. तुम्हाला तसं पडलेलं बघायची हिंमत नव्हती माझ्यात. मला माफ करा. आता या बाईला सोडा. तिच्या तासाची वेळ होते."

एवढं बोलून मी रडलो. वाटीत तोंड घालून रडलो, कोणाला दिसू नये म्हणून. नांग ऑरीने एका हाताने माझी पाठ थोपटली, दुसरा गाठोड्यावर ठेवला, आणि तिचा हात थबकला.

"नोय, हे गरम आहे."

मी कान लावला. आतला पंखा फिरत होता. वायर घरी, टेबलाखाली पडली होती.

आम्ही घाई केली नाही. मयताच्या जेवणात घाई करत नाहीत. आमच्या वाट्या संपेपर्यंत पंखा फिरत राहिला, मग त्याचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. नांगने पुन्हा हात लावला. डबा गार पडला होता.

तिसरी वाटी तशीच ठेवून आम्ही उठलो. मागे न बघता, दुसऱ्या रस्त्याने निघालो. जीपनीत मला एकदम हलकं वाटायला लागलं आणि मी उगाच हसत सुटलो. नांगही हसली.

"बसतील ना रे ते तिथे?" तिने विचारलं. "मास्तर माणूस. खाणावळीत किती वेळ मन रमणार?"

"चिचारॉन संपेपर्यंत तरी," मी म्हणालो.

चारला दहा मिनिटं कमी असताना वायरी जोडल्या. नांगने छातीवर क्रूसाची खूण केली, मी बटण दाबलं. तिचा निळा पडदा उघडला, नातवाच्या फोटोसकट. मी तीनदा बंद करून तीनदा चालू केला. तिन्ही वेळा निळा पडदा.

"वाचलास," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. तिने ओठांना लाली लावली, केस नीट केले आणि चारला दोन मिनिटं असताना तासाची खिडकी उघडून ताठ बसली. मी पडद्यात दिसू नये म्हणून बाजूला उभा राहिलो.

चार वाजले. हारुना आली नाही.

चार वाजून पाच मिनिटं झाली.

"असं कधी होत नाही," नांग पुटपुटली. "ती माझ्या आधी येऊन बसते."

चार वाजून नऊ मिनिटांनी खिडकीत चेहरा आला. कपाळावर सरळ कापलेले केस, गाल लाल. पोरगी धावून आल्यासारखी खुशीत होती.

"टीचर, सॉरी. आज उशीर माझा झाला."

"हरकत नाही गं, बाळा. काय झालं?"

"आधी नाव विचारलं."

नांग ऑरीचा हात माउसवर होता. तो तिथेच राहिला.

"कोणी?"

"हिरव्या अक्षरांनी. मी टाइप केलं. एकदाच. चूक झाली नाही." एवढी वाक्यं सलग बोलताना तिला कोणीच ऐकलं नसावं; नांगच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिनेही नाही. "मग ते माझ्याशी बोलले. पुष्कळ बोलले. मीसुद्धा बोलले. म्हणाले, माझी करंगळी चांगली आहे."

"हारुना," नांग म्हणाली, "बंद कर गं ते. आईला सांग—"

"आता नाही बंद होणार, टीचर. हजेरी लागली." ती हसली. पुढचे दोन दात पडलेले होते. "चाळीस धडे झाले की मला तिकडे बसायला जागा देणार आहेत. तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी. तिथे एक मुलगा बसायचा. तो येईनासा झाला म्हणे."