पंचवीस फुटांवरची भिंत

वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. गॅरेजचं शटर आतून ओढलेलं. आत उंच चाकांची एक जीप आणि दोन माणसं. खाणमालक खुर्चीत, वायरमन बंपरखाली पाठीवर.

बंपरवर ताटाएवढे दोन जादा दिवे होते. समोरून कुणी आलं की असे दिवे डिपरबरोबर विझायला हवेत. त्यासाठी मध्ये रिले नावाचा आपोआप चालू-बंद होणारा स्विच बसवतात. वायरमनला हे वीस वर्षं ठाऊक होतं. तरी गेल्या वर्षी मालक म्हणाला, "माझे दिवे कुणासाठी विझणार नाहीत," आणि या शूरानं मान डोलावून तार थेट बॅटरीला जोडून दिली. परवा संध्याकाळी त्याच उजेडानं डोळे दिपलेला, सायकलवरून घरी निघालेला खाणीवरचा पंपवाला याच जीपच्या चाकाखाली गेला.

तो वायरमनच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

"उद्या तपासनीस येतोय," मालक म्हणाला. "डिपर मारला की दिवे विझले पाहिजेत. पहिल्यापासून विझत होते. कळलं?"

"कळलं, साहेब."

"आणि तुझा मेहुणा प्यायलेला होता."

"ते कधी पीत..."

"तार कुणी जोडली होती रे?"

वायरमननं पाना उचलला. कणा त्यालाही होता. वापरायची सवय नव्हती, इतकंच. सकाळीच बहीण दारात येऊन गेली होती. "दादा, सगळे म्हणतात ते प्यायलेले होते. तू तरी खरं सांगशील ना?" यानं उत्तर दिलं होतं, "बघतो."

आता तो बघतच होता. रिले बसवला. नवी तार जुन्या टेपमध्ये गुंडाळून वरून ग्रीसचा हात फिरवला. मालकानं वाकून पाहिलं, पाठ थोपटली आणि तो बाजूच्या दारानं निघून गेला.

वायरमननं दिवे लावले. पंचवीस फुटांवरच्या भिंतीवर पांढरे दोन गोल पडले. डिपर मारला. रिले टक् करून वाजला, दिवे विझले, काचा काळ्या झाल्या.

भिंतीवरचे गोल तसेच राहिले.

त्या उजेडात एक सावली उभी होती. एक हात डोळ्यांवर आडवा धरलेली. वायरमननं जीपपासून भिंतीपर्यंत पाहिलं. मध्ये रिकामी फरशी होती. खाणीतल्या ओल्या दगडाच्या भुकटीचा वास मात्र यायला लागला होता.

त्यानं पान्यानं बॅटरी सोडवली आणि उचलून जमिनीवर ठेवली. दिव्याच्या काचेला हात लावला... गार. भिंत तशीच उजळलेली.

मग सावली मोठी व्हायला लागली. जन्मभर याच भिंतीवर दिव्यांचा नेम धरणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. सावली वाढते, तेव्हा माणूस दिव्याकडे चालत येत असतो.

"दाजी..." तो कसाबसा म्हणाला. "दाजी, सांगतो... उद्या खरं सांगतो..."

सावली थांबली. गोल विझले. तो धडपडत बाहेर पळाला.

सकाळी तपासनीस आला. त्यानं जीपला बोटही लावलं नाही. बाजूच्या दारात उभं राहून एक फोटो काढला आणि विचारलं, "डिपर मारला की विझायचे ना दिवे?"

मालकानं वायरमनकडे पाहिलं.

"हो. विझायचे," वायरमन म्हणाला.

"आणि पंपवाला?"

"प्यायलेला असेल."

अहवालावर तिघांच्या सह्या झाल्या. फोटो त्याला जोडलेला आहे. त्यात बॅटरी जमिनीवर आहे, तारा लोंबकळताहेत आणि दोन्ही दिवे पेटलेले आहेत. भिंतीवर उजेडाचा एकच गोल पुरा दिसतो. दुसरा गोल काचेवर टेकवलेल्या हाताच्या सावलीनं भरलाय. बोटं पाचही मोजता येतात. फोटो काढताना दिव्यांजवळ कुणी नव्हतं आणि दिवे विझलेले होते, असं तिघंही शपथेवर सांगतात. वीज कुठून आली, हे त्यांच्यापैकी एकालाही अजून सांगता आलेलं नाही.