हॅडॉक घ्यायला आलेली डेल्फीन

"दोन तुकडे हॅडॉक... आणि जरा लवकर हं, डोकं फुटतंय माझं," डेल्फीन म्हणाली.

"मासा नीट कापायला वेळ लागतो, मॅडम," काउंटरमागचा लॅक्लन हसला. "घाई असेल तर डबाबंद घ्या!"

ती काहीतरी खोचक बोलणार होती — तेवढ्यात मानेमागे हातोडा बसल्यासारखं झालं, आणि बर्फाची पेटी धरत ती खालीच बसली.

लॅक्लनच्या मावशीला असंच झालं होतं. अर्धशिशी समजून घरच्यांनी तिला झोपू दिलं. ती उठलीच नाही. त्याने एका हाताने फोन लावला, दुसऱ्याने डेल्फीनचं डोकं सावरलं. हॅलिफॅक्सच्या धुक्यातून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो तिच्याशी बोलत राहिला.

डेल्फीनच्या मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा गळू लागला होता.

"मांडीतून बारीक नळी घालून तो आतून बुजवता येतो," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "पण तुमच्या घराण्यातल्या कोलेस्टेरॉलने धमन्या या वयातच कडक झाल्यात. नळी वर जाणार नाही. कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी क्लिप लावावी लागेल."

"मला... बोलता येईल ना?" डेल्फीन शाळेत फ्रेंच शिकवायची.

"बहुतेक."

शस्त्रक्रिया पाच तास चालली. चौथ्या दिवशी लॅक्लन सूप घेऊन आला. अर्धं डोकं भादरलेलं, डोळा सुजलेला... तिने चादर तोंडावर ओढली.

"लपताय काय? खवले काढलेले मासे मी रोज बघतो."

ती हसली, टाके दुखले. "तुम्ही फार... फार..." पुढचा शब्द सापडेना. डोळे भरून आले.

"सावकाश. शिवी असली तरी ऐकून जाईन."

मग तो रोज येऊ लागला. मुद्दाम भयंकर फ्रेंच बोलायचा. ती चिडून दुरुस्त करता करता अख्खं वाक्य बोलून जायची.

जूनमधल्या तपासणीत क्लिप जागच्या जागी घट्ट असल्याचं दिसलं. दोघं बंदरावर आले. वाऱ्याने तिचे कोवळे केस विस्कटले.

"आभार मानायला मी किती वाक्यं जुळवली होती... सगळी अपुरी वाटतात," ती म्हणाली. तिने माशांचा वास येणारा त्याचा हात हातात घेतला. "राहशील — माझ्याबरोबर?"

"तू ठेवशील तोवर," तो म्हणाला, आणि बाहीने डोळे पुसले.

तिने तिथूनच आईला फोन लावला. "मामां, सगळं छान आहे. आणि रविवारी जेवायला आम्ही दोघं येतोय."