लाईट गेल्यावरचा डाव

लाईट अडीचला जाणार असं वेळापत्रकात छापलेलं होतं, म्हणून ती सव्वादोनलाच गेली.

दोन हजार पाच सालचा उन्हाळा. राजारामपुरीच्या एका बोळातल्या सायबर कॅफेत सहा मशिनं होती, ती सगळी एकदम डोळे मिटून बसली. काउंटरवर प्रेरणा होती. कॅफे तिच्या चुलतभावाचा, आवाज तिचा स्वतःचा. लाईट गेल्यावर काय होतं हे तिला पाठ होतं. कोल्हापुरी माणूस आधी वीज मंडळाचा उद्धार करतो, मग सरकारचा, आणि दमला की काउंटरवर येऊन प्रेरणाचा. पाच जणांनी रिवाजाप्रमाणं सगळं केलं आणि ते निघून गेले.

सहाव्यानं मात्र माउसवरचा हात अलगद उचलला, मांडीवर ठेवला, आणि तो काळ्या पडद्याकडं बघत राहिला... शांत. वारा पडलेल्या दुपारी रंकाळा तलाव असतो, तसा. कपाळावर आठीसुद्धा नाही!

प्रेरणानं आजवर गाजलेले पैलवान बघितले होते, पण लाईट गेल्यावर गप्प बसणारा पुरुष ती पहिल्यांदाच बघत होती.

"ओ पावणं, लाईट गेली."

"व्हय. कळलं."

"मग काय तरी बोला की! माणसं शिव्या देत्यात. तब्येतीला बरं असतं."

तो हसण्याच्या अगदी उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. "हातात दोन राजे होते," तो म्हणाला. "आता तिकडं एकाला वाटत असंल, मी भिऊन पळालो."

"तिकडं म्हंजे कुठं?"

"ब्राझील."

कोल्हापुरातली लाईट जाते आणि ब्राझीलमधला एक माणूस जिंकतो, हे ऐकून प्रेरणाला एकदम जगाबद्दल आदर वाटला.

त्याचं नाव मृत्युंजय. कुरुंदवाडचा, घरी पेढ्या-बासुंदीचं दुकान. तीन वर्षं गोव्यातल्या एका तरंगत्या जुगारखान्यात तो पत्ते वाटायला होता. वाटणाऱ्याला खेळायला बंदी, त्यामुळं हजारो डाव डोळ्यांसमोरून गेले, एकही त्याचा नव्हता. आता परदेशी बोटीवरच्या नोकरीची वाट बघत होता. मेल आलाय का बघायला रोज यायचा, आणि आल्यासारखं पोकर खेळायचा. फुकटचं. खोट्या नाण्यांचं.

"शिकायचं तर असंच शिकावं," तो म्हणाला. "पैसं लावून शिकणारा फकस्त हरायला शिकतोय."

"मला शिकवा मग. लाईट येईपर्यंत मी तरी काय करतो?" कोल्हापूरच्या पोरी ‘मी करतो, मी जातो’च म्हणतात, त्यात काय नवल नाही. नवल पुढं होतं. त्यानं पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला, दोन्ही हातांत अर्धा-अर्धा धरला, आणि – फर्रर्र... पारव्यांचा थवा उडावा आणि पुन्हा त्याच वळचणीला बसावा, तशी बावन्न पानं उडाली आणि बसली.

प्रेरणा काहीच बोलली नाही. शेजारच्या पिठाच्या गिरणीतल्या धोंडुबाई ती शांतता ऐकून घाबरून बाहेर आल्या.

लाईट नसली की गिरणीही बंद. भुवयांवर पीठ आणि खांद्यावर पांढराशुभ्र झालेला टॉवेल घेऊन धोंडुबाई रोज कॅफेच्या पायरीवर येऊन बसू लागल्या. पैशाच्या जागी लावायला चिंचोके त्यांनीच आणले. भारनियमनाची दुपार अशी हळूहळू शिकवणीची झाली.

आधी त्यानं पानांची उतरंड घोकून घेतली. जोडी, दोन जोड्या, तिकडी, ओळ, एकाच रंगाची पाच, मग तिकडी-जोडी मिळून फुल हाऊस.

"फुल हाऊस म्हंजे लग्नसराईतलं आमचं घर," प्रेरणा म्हणाली. मग मात्र ती विसरली नाही.

खेळ तसा सोपा होता. दोन पानं ज्याची त्याच्या हातात, झाकलेली. पाच पानं मधे, सगळ्यांची. अवघड काय ते माणसाचं तोंड.

"एक्का आला की ओरडायचं न्हाय," मृत्युंजय म्हणाला.

"मी कुठं ओरडलो?"

"बोळाच्या टोकाचा चहावाला सांगून गेला तुमच्याकडं एक्का हाय म्हणून."

धोंडुबाईंचा त्रास वेगळा. त्या प्रेरणाच्या पाठीमागं बसत आणि पान आलं की आनंदानं जाहीर करत, "गुलाम आला गं बाई! आता ह्येचं काय खरं न्हाय!"

वाईट पान आलं तर टाकून द्यायचं, हे प्रेरणाला कधीच पटत नव्हतं. कोल्हापुरात मैदान सोडतात होय? तो समजावत राहायचा. दहातले सात-आठ डाव सोडून द्यावेत. सोडला की दुसऱ्यांकडं बघत बसावं, खरी शाळा तीच. शेवटी बोलायची पाळी ज्याची, त्याचं पारडं जड. लबाडी सगळ्यात शेवटी शिकावी. आणि राग आला तर उठावं, पाणी प्यावं, त्या दिवशी परत बसू नये. मशिनवर नियम शिकता येतात, पण मशिनला भुवया नसतात, म्हणून पुढचं माणसांतच शिकावं.

"आणि एक," तो म्हणाला, "टाकलेली पानं कुणाचीबी उलटून बघायची न्हाईत. माणूस काय सोडून गेला, ते त्येचं त्येला."

बोलता बोलता ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, ते धोंडुबाईंनासुद्धा कळलं नाही. आणि त्यांना न कळणारं त्या बोळात सहसा काही नसे. तो तिच्याकडं बघायचा तो पानांवरून, अर्धं पळ... आणि नजर खाली. त्या अर्ध्या पळात काय असायचं? ती एसटीत खिडकीला डोकं टेकून तेच शोधत वडगावला जायची. आख्ख्या जगाची तोंडं तिला वाचता येऊ लागली होती. वाचायचं होतं ते एकच तोंड कोरं होतं.

एका सोमवारी ती त्याला पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात घेऊन गेली. "चल, तुला बिनपत्त्याचा पोकर दाखवतो."

तिचे अप्पा, गुरुसिद्ध, बैलांचे व्यापारी. धुळीत, हंबरण्याच्या कल्लोळात ते एका गिऱ्हाइकासमोर उभे होते. दोघांचे उजवे हात एका टॉवेलाखाली. तोंडानं ऊस आणि साखर कारखाना. टॉवेलाखाली बोटं दाबून भाव. एक बोट, दोन बोटं, झटकलं... पुन्हा दोन. चेहऱ्यावर पापणीसुद्धा हलत नव्हती. एकाएकी अप्पांनी गिऱ्हाइकाचा पंजाच्या पंजा धरला, टॉवेल खाली आला, आणि बैल चालू लागला.

"पाची बोटं धरली की सौदा पटला," प्रेरणा कुजबुजली. "मग माघार न्हाय."

मृत्युंजय देवळात उभं राहावं तसा उभा होता. "माझ्या तीन वर्षांत," तो हळूच म्हणाला, "असं तोंड मी बघितलं न्हाय."

अप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दात बघायचे तेवढे राहिले. "पावणं कुठलं?"

"कुरुंदवाडचं."

"बोलत न्हाय जास्त?"

"न्हाय, अप्पा," प्रेरणा म्हणाली.

"मग आपल्या घरात जागा हाय," अप्पा म्हणाले आणि दुसऱ्या बैलाकडं वळले. प्रेरणाचे कान लाल झाले. मृत्युंजयचा चेहरा – कोरा.

आणि त्याच आठवड्यात मेल आला. बोटीवर बोलावलं होतं. पंधरा दिवसांत मुंबई, तिथून पुढं समुद्र.

"जाणार?" तिनं विचारलं.

"बोलावलंय तर खरं." झालं. पुढं काही नाही. थांब म्हणावं, तर हक्क कुठला? जा म्हणावं, तर जीभ वळेना. त्याला जायचं होतं की कुणीतरी अडवावं असं वाटत होतं, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि नेमकं तेच त्या तोंडावर कुठं लिहिलेलं नव्हतं.

त्या दुपारी ती सारखी जिंकली. शेवटच्या डावात मधे एक्का पडला होता, तिच्याकडं नव्व्यांची जोडी. तिनं चिंचोके पुढं सारले. त्यानं पानं टाकली आणि तो पाण्याला उठला. प्रेरणाचा हात... कसा कुणास ठाऊक... त्या पानांवर गेला.

एक्का. आणि दुसरा एक्का.

मधला धरून तिकडी! जिंकलेला डाव त्यानं सोडला होता. म्हणजे आजवरचे किती?

"माझ्यासंगं नुरा कुस्ती?" ती ओरडली, तशी बोळातली कबुतरं उडाली. ठरवून हरणं हा कोल्हापुरात एकच गुन्हा असा आहे, की ज्याला माफी नाही. "मी लहान पोर हाय व्हय, खोटं खोटं जिंकवायला?"

"पानं उलटायची न्हाईत म्हणून सांगितलं हुतं..."

"का टाकली?"

तो परत येऊन बसला. त्यानं दोन्ही एक्के उचलून जोडात मिसळले.

"उठ," ती म्हणाली. "मला राग आलाय. तूच शिकवलंस, राग आला की डाव बंद."

नंतर तो बोळात दिसला की तीच काउंटरखाली वाकून वायरी तपासायची. वायरींना काहीही झालेलं नव्हतं. रात्री मात्र ते दोन एक्के डोळ्यांपुढून हलेनात. जिंकणं सोडून तो समोरच्याचं हसणं बघत बसला होता... ह्याला नुरा कुस्ती म्हणायचं, की आणखी काही?

मुंबईला जायच्या आदल्या दुपारी तो पेढ्यांचा पुडा घेऊन निरोपाला आला. लाईट नुकतीच गेली होती.

"बस," ती म्हणाली. "एक डाव. सगळे चिंचोके. खरा खेळायचा. मी जिंकलो तर एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर विचारत न्हाय."

धोंडुबाई पाठीमागं सरसावून बसल्या. पानं वाटली. प्रेरणानं आपली दोन पानं किंचित उचलली, धोंडुबाईंनी मान लांब केली, आणि पदर तोंडात कोंबला.

मधे राजा पडला. राणी, नव्वी. मग चव्वी. शेवटी पुन्हा राजा.

प्रेरणानं सगळे चिंचोके पुढं ढकलले. आणि मग तिला आतून काहीतरी थांबल्यासारखं वाटलं. जन्मभर चाललेली गिरणी बंद व्हावी तसं. अप्पांचा चेहरा तिच्या चेहऱ्यावर येऊन बसला. इतकी शांतता आपल्यात होती? कुठं होती इतके दिवस? तिला स्वतःचंच नवल वाटत राहिलं.

मृत्युंजय बघत राहिला. अर्धं पळ नाही, पुरतं. पहिल्यांदाच त्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं तिच्याकडं बघितलं, धोंडुबाईंकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं... आणि पानं टाकली.

"ह्या येळी खरंच टाकली," तो म्हणाला. "राणी हुती माझ्याकडं. पण तुझ्याकडं राजा हाय."

तिनं पानं उलटली. सत्ती आणि तिर्री.

"पण धोंडुबाई गप्प बसल्या!" तो जवळजवळ ओरडला. "राजाबिगर त्या तोंडात पदर कशाला कोंबतील?"

"अरं बाबा," धोंडुबाईंनी पदर काढला, "असली घाण पानं बघून माझी बोबडीच वळली की!"

प्रेरणा हसली नाही. तिनं हात मागं नेला, धोंडुबाईंच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. "किती वर्सं ऱ्हाणार हितं? तोंडानं न्हाय सांगता येत, तर असं सांग."

त्याचा हात टॉवेलाखाली आला. गार होता. थरथरत होता. तोंड कोरं होतं तेव्हाही हा हात असाच थरथरत असेल का? तिनं कधी धरून बघितलाच नव्हता!

"यंदा कुरुंदवाडात ऊस कसा हाय?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"बरा हाय," तो म्हणाला. एक बोट.

तिनं ते झटकलं. "आणि पाऊस?"

"वेळेवर हुईल म्हणत्यात." दोन बोटं.

झटकली. "दुकान कोण बघतंय?"

"बाबा थकल्यात. मला बोलवत्यात." तीन... आणि लगेच, तिनं झटकायच्या आतच, चौथं.

ती वाट बघत राहिली. चेहऱ्यावर पापणीही न हलवता.

"प्रेरणा," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड शेवटी फुटलंच, "मला न्हाय जायाचं गं. कुणी तरी थांब म्हणंल म्हणून रोज येत हुतो. तू जिंकलीस की अशी हसतीस, की... एक्के काय करायचेत मला?"

त्यानं तिचा पंजाच्या पंजा धरला.

लाईट आली. पंखे फिरले, सहाही मशिनं कुईं करून जागी झाली, बोळात ‘आली रं आली’चा गजर झाला. कुणी उठलं नाही.

वडगावला जाता जाता लेकीला घेऊन जावं म्हणून अप्पा तेव्हाच पायरीशी आले. दोघांनी चटकन हात काढून मागं लपवले आणि तोंडं अशी केली, की ब्राझीलच्या बापालासुद्धा काही कळलं नसतं.

अप्पांनी तोंडांकडं बघितलंच नाही. "हात दाखवा," ते म्हणाले.

दोन हात पुढं आले. मनगटापर्यंत पांढरेफटक, पिठानं माखलेले.

अप्पांनी ते हात उलटसुलट करून बघितले. मग त्यांनी टॉवेल उचलला, झटकला, नीट घडी करून धोंडुबाईंच्या खांद्यावर ठेवला.

"गिरणी चालू करा, बाई," ते म्हणाले. "लग्नाचं दळण हाय."