मधली कोरी जागा

"माफीनाम्यावर सही करणार नाही. नोकरी गेली तर गेली!" संशोधक बाई दारातूनच कडाडली.

वहिनींना असं अशील आवडायचं. खाजगी तपासाच्या धंद्यात रडणारेच फार भेटतात. सोबतीला त्यांचे दीर असत. भाऊजी मनाने चांगले, पण त्यांची ट्यूबलाइट जरा उशिरा पेटायची.

भानगड अशी होती. जंतूंच्या बाटलीत नवं औषध घालायचं, दर तासाला थेंब काढून प्लेटवर पसरायचा. जंतू जिवंत असतील तर गुलाबी ठिपके उगवतात. बाईच्या प्लेटवर ठिपकेच ठिपके, सहायकाच्या प्लेटवर जवळपास नाहीतच. प्रयोगशाळेच्या साहेबांनी ठरवून टाकलं, औषध चोख आहे, बाईनेच मागून जंतू मिसळले.

प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी भाऊजींनी मोठ्याने वाचली. "घाण दिसली की प्लेट बाद. हुकमावरून, साहेब."

सहायक मोकळेपणाने बोलला. "मॅडम थेंब आधी शंभरपट पातळ करतात. मी थेट टाकतो आणि मग पसरतो. कोण घोळ घालत बसणार?"

भाऊजींनी त्याच्या प्लेटा उजेडात धरल्या. "सगळ्या मधोमध कोऱ्या. कडेला मात्र गुलाबी ठिपके."

"कडेचे मोजायचे नाहीत, असं साहेबांनी बजावलंय."

शेजारीच उभे असलेले साहेब हसले. "हवेतली घाण हो ती! उद्या औषधाच्या मंजुरीची बैठक आहे, उगाच खोडा घालू नका."

"मग बाईच दोषी?" भाऊजी पुटपुटले.

"भाऊजी, हवेतली घाण दर वेळी मधली जागा सोडून बसते?" वहिनी म्हणाल्या. "थेंबासोबत औषधही प्लेटवर आलं. थेंब पडला तिथे ते दाट, म्हणून जंतू प्लेटवर मेले, बाटलीत नव्हे. कडेला औषध पुरलं नाही. बाईंनी पातळ केलं, औषधाचा जोर गेला, आणि बाटलीत जिवंत राहिलेले सगळे उगवले."

सहायकाचा चेहरा पडला. "म्हणजे चूक माझी?"

"तुझा आळस. लबाडी साहेबांची. ती घाण वाटली असती, तर स्वतःच्या पाटीप्रमाणे त्यांनी प्लेटा फेकल्या असत्या. त्यांनी त्या निकालात धरल्या."

साहेबांनी माफीनामा हळूच फाडला. "बाई, बढती देतो. उद्या गप्प बसा."

बाईने सहायकाच्या प्लेटा उचलल्या.

"उद्या मी या घेऊन बैठकीला येतेय. कडेचे मोजायचे नाहीत हे मला सांगाल, साहेब. रोग्याच्या अंगातल्या जंतूंना कोण सांगणार?"